भिंतीला कान असतात

“हळू बोल, भिंतीला कान असतात,” असं आपण घरात एकमेकांना बजावतो. आज मी तुम्हाला अशा एका इमारतीत नेणार आहे, जिच्या भिंतींना खरोखरच कान ठेवलेले आहेत. गोव्यात, तिसवाडी तालुक्यात, पिलारजवळ तळावली नावाचं गाव आहे. तिथलं हे सांतानचं चर्च. सांत आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी. आजची इमारत १६९५ साली पुरी झाली. पाच मजली दर्शनी भिंत, दोन अंगांना दोन मनोरे. गाव लहान आणि चर्च थोरलं. त्या दर्शनी भागाची छायाचित्रं तुम्हाला कुठंही पाहायला मिळतील. रेडिओवर मी काही दाखवू शकत नाही, पण त्यानं फारसं बिघडत नाही. गावातलं जुनं चर्च आतून कळतं ते कानांनीच.

आत पाऊल टाकलं, की आधी आपलंच पाऊल ऐकू येतं. बांधकाम जांभ्या चिऱ्याचं. चिरा सच्छिद्र, पावसाचं पाणी पिणारा, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. वर अर्धगोल कमानीचं छत. आवाज गिळून टाकील असं इथं काही नाही. मागच्या बाजूला कुणी नुसतं खाकरलं, तरी ते वेदीपर्यंत पोचतं.

गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. सभागृहाच्या साधारण मध्यावर, भिंतीच्या अंगाला, माणसाच्या डोक्याहून उंच असं एक लाकडी, कोरीव मखर असतं. हे पुल्पित, म्हणजे प्रवचनपीठ. ते वेदीपाशी न ठेवता मध्येच भिंतीला का टांगलं? तर ध्वनिक्षेपक नव्हता म्हणून. पाद्री जिना चढून वर जायचा आणि लोकांच्या मधोमध उभा राहून बोलायचा. डोक्यावर छत्र असतं. ते शोभेचं वाटतं, पण त्याचं काम म्हणजे आवाज छताकडे निसटू न देता खाली माणसांकडे वळवणं. काही पुल्पितांच्या तळाशी नीट पाहिलंत तर वरचा सगळा भार नागिणींनी तोलून धरलेला दिसेल; वर बाई आणि खाली नाग. हा हात कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करून घेऊ नयेत, असं गोव्यातल्या चर्चच्या परिषदेनं सोळाव्या शतकातच बजावलं होतं. बजावावं लागलं, यातच काय ते आलं.

१९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. त्यानंतर मिस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनऐवजी कोंकणीत होऊ लागली आणि पाद्री लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. ध्वनिक्षेपकही आले, आणि पुल्पितं मुकी झाली.

दुसरा आवाज येतो पाठीमागून. मुख्य दाराच्या वर एक सज्जा असतो. त्याला कोर म्हणतात. गाणारे आणि वाजवणारे तिथं. खाली गुडघे टेकून बसलेल्याला ते दिसत नाहीत, सूर तेवढा डोक्यावरून उतरतो. या सज्ज्यासाठी मुलं तयार करायला गावच्या चर्चला जोडून शाळा असे आणि तिथं मेस्त, म्हणजे मास्तर, सूर आणि व्हायोलिन शिकवत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडील गावच्या चर्चमधले असेच मेस्त. अँथनी मुंबईला आले, सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले आणि संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात हे नाव आलं, ती शिष्यानं दिलेली गुरुदक्षिणा होती.

आता त्या कानांकडे येऊ. सांतानच्या जाड भिंती आतून पोकळ आहेत. माणूस चालत जाईल एवढी वाट त्या भिंतींच्या पोटात आहे. कुमसार, म्हणजे पापांची कबुली, गुपचूप देता यावी म्हणून ही सोय. इतर ठिकाणी कबुलीसाठी जाळीचं लाकडी खोपटं असतं आणि कोण आलं, किती वेळ बसलं, हे सगळा गाव पाहतो. इथं ती पंचाईत नाही. जी इमारत मधल्या माणसाचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत नेते, तिनंच एक आवाज असा पोटात लपवला, की तो एका कानापलीकडे जाऊ नये.

पण हे बोलणं कुठल्या भाषेत व्हायचं? फादर स्टीफन्स यांचं मराठीतलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीत, राचोलला छापलं गेलं आणि चर्चमधून लोकांना वाचून दाखवलं जाऊ लागलं. पुढं वारं फिरलं. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं, की इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. सांतानचं बांधकाम तेव्हा चालूच होतं. म्हणजे एकीकडे जिभेवर बंदी आणि दुसरीकडे ऐकणाऱ्या भिंती, दोन्ही एकाच काळातलं काम.

त्या फर्मानाचं पुढं काय झालं, हे ऐकायचं असेल तर जुलैच्या अखेरीस, भर पावसात, सांतानच्या फेस्ताला, म्हणजे उत्सवाला, जावं. लोक याला तवशांचं फेस्त म्हणतात. मूल हवं असलेली जोडपी सांतानला तवसं वाहतात. तवसंच का? पोर्तुगीजमध्ये काकडी म्हणजे ‘पेपिनो’ आणि बाळ म्हणजे ‘मेनिनो’, म्हणून! बिनलग्नाचा मुलगा चमचा घेऊन येतो, कारण चमचा ‘कोल्येर’ आणि बायको ‘मुल्येर’. आणि लग्नाची मुलगी? ती उडीद आणते, कारण नवरा म्हणजे ‘मारिदु’.

पहिल्या दोन जोड्या अस्सल पोर्तुगीज आहेत. तिसऱ्या जोडीतला उडीद मात्र आपल्या मातीतला. राज्यकर्त्यांची भाषा तर घेतलीच, पण तिच्याशी यमक जुळवायला घरचाच शब्द पुढं केला. तीन वर्षांत विसरायला सांगितलेली बोली सव्वातीनशेहून अधिक वर्षांनंतरही सांतानच्या पायाशी उडीद घेऊन उभी आहे, आणि तिथल्या भिंती ती ऐकताहेत.