गावच्या घराचा सिंकिंग फंड
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

आपल्या बिलात दरमहा सिंकिंग फंड असतो. २५ वर्षं आपण तो भरतोय, म्हणून आज इमारत धडधाकट उभी आहे. पण आपल्यापैकी कितीतरी जणांचं गावी कौलारू घर आहे. त्याचा फंड कोण भरतो?

आमचं घर कोकणात. चिऱ्याच्या भिंती, पुढे-मागे पडवी, आत माजघर, वर मंगलोरी कौलं. ही कौलं करणारा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला, आणि ती आपल्या किनाऱ्यावर घरोघरी पोचली.

असं घर म्हातारपणाने पडत नाही, कुलपाने पडतं. एक कौल सरकतं, पाणी वाशावर झिरपतं, पाठोपाठ वाळवी येते. आमची मागची पडवी अशीच गेली. तीन पावसाळे कुणी वर चढलंच नाही. दोष आम्हा तिघा भावांचाच.

दुरुस्तीत दुसरी चूक केली. भिंतीला सिमेंटचा गिलावा! चिरा सच्छिद्र, ओल घेतो, सोडतो. सिमेंटने ती आत कोंडली, पोपडे सुटले. शेवटी गावातल्या जुन्या गवंड्याने तो खरवडून चुना लावला, तेव्हा भिंत सुकली.

आता आम्ही तिघे दरमहा थोडे पैसे बाजूला काढतो. दर मे महिन्यात शाकारणी होते. मुलंही कौलं हातोहात वर देतात.

मंडळी, यंदा गावी गेलात की आंब्याच्या पेटीआधी एकदा छपराकडे बघा. एवढीच विनंती.