पाटीवर जाऊ नका, नोंदणी विचारा



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा तर सरकारी कागदांचा विषय, त्याचे आपल्याला काय? विषय आहे फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद. तिला कोणते अधिकार आहेत, तिची जबाबदारी काय आणि तिच्या हातात काय नाही, हे आज पाहू.

कुणाला लकवा मारतो. म्हातारं माणूस अंगणात घसरून पडतं आणि खुब्याचं हाड मोडतं. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर सांगतात, "आता फिजिओथेरपी चालू ठेवा." त्यानंतर महिनोन्‌महिने रोग्याला उठवायचं, बसवायचं, व्यायाम करून घ्यायचा आणि रिक्षाचे पैसे जमवायचे, हे सगळं बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतं. म्हणून कुणाकडे न्यायचं हा प्रश्नही आपलाच आहे.

आता तालुक्याच्या गावात बघा. एका पाटीवर "फिजिओथेरपी सेंटर" लिहिलेलं असतं. दुसरीकडे कुणी मशीन घेऊन गावोगाव शिबिरं भरवतो. तिसरा मालिश करतो आणि स्वतःला फिजिओ म्हणवतो. यातला शिकलेला कोण, हे बाहेरून कसं ओळखायचं?

काहींना वाटतं, व्यायाम आणि शेक तर आहे, त्यात काय एवढं बिघडणार? बिघडतं, मैत्रिणींनो. लकव्याने लुळा पडलेला हात धरून माणसाला ओढून उठवलं, तर खांदा सांध्यातून खाली सरकतो आणि पुढे कायमचा दुखत राहतो. साखरेच्या रोग्याच्या पायाला बधिरपणा असतो. त्याला शेक जास्त झाला तरी कळत नाही, कातडी भाजते आणि ती जखम लवकर भरत नाही. ऑपरेशननंतर एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर आत रक्ताची गाठ असू शकते. तिथे जोरात मालिश केली तर ती गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्यात जीवही जातो. उतारवयात बायांची हाडं ठिसूळ होतात. पाठीवर दाब देऊन "कटकन" आवाज काढणाऱ्याच्या हातून मणक्याचं हाड मोडू शकतं.

कुठे हात लावायचा आणि कुठे लावायचा नाही, हे शिकायलाच वर्षं लागतात. फिजिओथेरपीची पदवी बारावी सायन्सनंतर असते. आपल्याकडे आजवर ती चार वर्षांचं शिक्षण आणि वर सहा महिने दवाखान्यात प्रत्यक्ष काम, अशी चालत आली आहे. महाराष्ट्रातल्या अनेक फिजिओथेरपी कॉलेजांच्या पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात. पंधरा दिवसांच्या किंवा तीन महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून कुणी फिजिओथेरपिस्ट होत नाही.

पदवी मिळाली की नोंदणी करायची असते. महाराष्ट्रात त्यासाठी २००२ चा कायदा आहे आणि त्या कायद्याने एक राज्य परिषद तयार झाली. तिचं नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद. भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपी. या क्षेत्रातली माणसं तिला नुसतं "कौन्सिल" म्हणतात. पुढे २०२१ मध्ये संसदेने सबंध देशासाठी कायदा केला. त्यात फिजिओथेरपीबरोबर आरोग्यसेवेतले इतर अनेक व्यवसाय घेतले आहेत, आणि प्रत्येक राज्यात परिषद असावी असं सांगितलं आहे.

अशा परिषदेची मुख्य कामं चार.

पहिलं काम नोंदवही ठेवण्याचं. कागद तपासून पात्र माणसाचं नाव वहीत घालायचं आणि त्याला नंबर द्यायचा. गावच्या सातबाऱ्यावर जमीन कुणाची हे लिहिलेलं असतं, तसं या वहीत उपचार करायला पात्र कोण हे लिहिलेलं असतं.

दुसरं काम वागणुकीचे नियम घालून देण्याचं. उपचार काय करणार हे रोग्याला समजावून सांगायचं, त्याची संमती घ्यायची, त्याची लाज राखायची, त्याच्या आजाराची माहिती चारचौघांत सांगायची नाही. बायांनो, हे आपल्यासाठी फार मोलाचं आहे. या उपचारात अंगाला हात लावावाच लागतो. कुठे आणि कशासाठी हात लावणार, हे आधी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पडदा लावा म्हणण्याचा, सोबत घरची बाई बसवण्याचा आणि "थांबा" म्हणण्याचाही हक्क आहे. असं म्हटलं म्हणून आपण अडाणी ठरत नाही.

तिसरं काम तक्रारीची चौकशी करण्याचं. चौथं काम म्हणजे दोष सिद्ध झाला तर शिक्षा करण्याचं. खोटे कागद देऊन नोंदणी मिळवली असेल किंवा व्यवसायात गैरवर्तन केलं असेल, तर नाव वहीतून काढता येतं. पण त्याआधी त्या माणसाला आपली बाजू मांडू द्यावी लागते, आणि निकाल पटला नाही तर त्याला वर अपील करता येतं. त्यामुळे वेळ लागतो, पण न्यायाची रीत तशीच असते.

वहीत नाव नसताना "माझी नोंदणी आहे" असं खोटं सांगणाऱ्याला २०२१ च्या कायद्यात शिक्षा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. पुन्हा तेच केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता परिषदेच्या हातात काय नाही तेही ऐका, म्हणजे चुकीच्या दारात हेलपाटे पडणार नाहीत. परिषद तुम्हाला नुकसानभरपाई मिळवून देत नाही. चुकीच्या उपचाराने नुकसान झालं आणि पैसे भरून उपचार घेतला होता, तर भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. स्वतः केली तरी चालते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. आणि कुणी अंगलट केली, विनयभंग केला, तर सरळ पोलिसांत जायचं. परिषदेकडे तक्रार त्याच्या जोडीला करायची, पोलिसांच्या बदल्यात नाही.

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. परिषद मुंबईत बसते. आपल्या बाजारपेठेत कोण पाटी लावून बसला आहे, हे तिला आपोआप दिसत नाही. कुणीतरी लेखी कळवलं तर तिचे अधिकार कामाला येतात. म्हणून आपण विचारायला आणि कळवायला शिकलं पाहिजे.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा. तुमचं शिक्षण काय? तुमचा नोंदणी नंबर काय? हा उपचार किती दिवस आणि कशासाठी? नंबर वहीत लिहून घ्या. घरातली शिकलेली मुलगी परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधू शकते. सापडलं नाही तर परिषदेला पत्र लिहून विचारता येतं. नावाआधी "डॉ." आहे की नाही, यावरून निर्णय करू नका. नंबर पाहा. खरा शिकलेला माणूस या प्रश्नाने रागावत नाही, उलट आनंदाने भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवतो. दर वेळी पावती घ्या. डॉक्टरची चिठ्ठी, एक्सरे आणि पावत्या एका पिशवीत ठेवा. काही बिघडलं तर तारीख आणि काय झालं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रारीला हेच कामाला येतं.

यातून कुणी असा अर्थ काढू नका की बाळंतिणीला तेल लावणारी मावशी गुन्हेगार झाली. ती मावशी स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवत नाही आणि लकवा बरा करण्याची हमी देत नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम सुनेने घरी करून घेतला, तर तेही योग्यच आहे. आपला आक्षेप खोट्या नावाने उपचार विकण्याला आहे.

पैशाची अडचण असेल तर आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, तिथे फिजिओथेरपीचा विभाग असतो. लहान मूल वेळेवर मान धरत नसेल, बसत नसेल, हातपाय कडक करत असेल, तर आशाताईला किंवा अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते आणि गरज असेल त्या मुलाला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. मुलाला जितकं लवकर न्याल तितका उपयोग जास्त.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एक कोरं पान घ्या. आपल्या बाजारपेठेत फिजिओथेरपी करणारे कोण कोण आहेत ते लिहा आणि प्रत्येकापुढे नोंदणी नंबरासाठी जागा सोडा. ज्या घरात रोगी आहे त्या घरच्या बाईने नंबर विचारून आणायचा. एकटीला विचारायला संकोच वाटला तर दोघी जा. पान भरलं की ते सगळ्या गटाच्या उपयोगाचं होईल, आणि ज्या नावापुढची जागा रिकामी राहील तिथे रोगी न्यायचा नाही, हे ठरवणं सोपं जाईल.

काळजी घ्या, स्वतःच्या पाठीची आणि गुडघ्यांचीही.