लग्नापर्यंत थांबू नका



शाळा उघडायच्या दिवसांत आमच्या दिग्रसला शिलाईच्या दुकानांत गणवेशासाठी गर्दी असते. माप घेता घेता शिवणारी ताई एखादीच्या आईला सांगते, "पोरीचा एक खांदा वर आहे हो, कुर्ता एका बाजूनं उचलतो." आई म्हणते, "एकाच खांद्यावर दप्तर टाकते ना, त्यानं झालं असेल."

दप्तरानं पाठ दुखेल, पण कणा असा वाकत नाही. कणा बाजूला झुकतो आणि मणके पिळले जातात, त्या आजाराला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेक मुलांत त्याचं कारण सापडतच नाही. मोठा बाक मुलींत जास्त दिसतो आणि झपाट्यानं वाढतो तो साधारण दहा ते चौदा या वयात, उंची भरभर वाढते तेव्हा.

घरच्या घरी ओळखायची एक रीत आहे. इंग्लंडच्या विल्यम अ‍ॅडम्स या शल्यचिकित्सकाच्या नावानं ती जगभर वापरतात. मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ पाहा. बरगड्यांची एक बाजू उंच दिसली तर उभ्यानं पूर्ण कण्याचा एक्स-रे काढून घ्यावा.

त्यावर बाकाचा कोन मोजतात. १० अंशांच्या आतला बाक हा आजार नव्हे. साधारण २५ ते ४० अंश असेल आणि वाढ बाकी असेल, तर पट्टा देतात. तो दिवसाचे बरेच तास घालावा लागतो, उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण अनेकींची शस्त्रक्रिया त्यानं टळते. ४५-५० अंशांपुढचा बाक मात्र वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढू शकतो. तिथं शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

अमेरिकेत पोलिओनं कणे वाकलेल्या मुलांसाठी पॉल हॅरिंग्टन यांनी १९५०च्या दशकात धातूची सळई बसवायला सुरुवात केली. आज मणक्यांत स्क्रू बसवून दोन सळयांनी बाक कमी करतात आणि मधे हाडाचे तुकडे पसरतात. काही महिन्यांत ते मणके एकमेकांना जुळून येतात. मज्जारज्जूचे संदेश नीट जातात का, यावर शस्त्रक्रिया चालू असताना यंत्रानं नजर ठेवतात. धोका कमी आहे, पण नाहीच असं नाही. मूल सहसा एक-दोन दिवसांत उभं राहतं. जुळलेला भाग पुढे वाकत नाही, बाक पूर्ण जाईलच असंही नाही. पण या मुली शिकतात, नोकरी करतात, आई होतात.

आपल्याकडे मात्र पोरीची पाठ ओढणीखाली झाकतात. "लग्नाच्या वेळी पाहू," म्हणतात. वापसा गेल्यावर पेरणी करण्यातलाच हा प्रकार! तोवर पट्ट्याची वेळ निघून जाते, बाक ताठर होतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

आणखी एक. पाठीत मागे टोकदार कुबड येत असेल, रात्री दुखत असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर तो मणक्याचा क्षयरोग असू शकतो. तिथं पाठ चोळायला किंवा मोडायला हाडवैद्याकडे नेणं घातक. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि पुष्कळांना शस्त्रक्रिया लागतही नाही. पाय जड पडू लागले, लघवीवर ताबा राहिला नाही, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासणीची सुरुवात यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात करता येईल. मोठ्या उपचारासाठी नागपूर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'च्या रुग्णालयात मुंबईचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी कण्याचे रुग्ण तपासायला जात आले आहेत. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

या रविवारी घरातल्या दहा-बारा वर्षांच्या लेकीला एकदा वाकायला लावा. शंका आली तर पुढच्या आठवड्यात एक्स-रे.