आशियाई क्रीडास्पर्धा आणि भारताचीं पदकें

दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर ४ मार्च १९५१ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्र प्रसाद ह्यांनीं पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांचें उद्घाटन केलें, तेव्हां अकरा देशांचे खेळाडू त्यांत सहभागी झाले होते. ह्या मेळाव्याची मूळ कल्पना लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचे प्राचार्य गुरुदत्त सोंधी ह्यांची. १९३४ सालीं दिल्ली व पतियाळा येथें पश्चिम आशियांतील चार देशांची एक लहानशी स्पर्धा भरली होती, तीही त्यांच्याच खटपटीचें फळ. मध्यें महायुद्ध आलें आणि ती कल्पना अडगळींत पडली. पुढें आशियांतील देश एकामागून एक स्वतंत्र होऊं लागले, तशी तिला पुन्हां पालवी फुटली.

त्या आठ दिवसांत एकंदर ५७ सुवर्णपदकें वांटलीं गेलीं. पैकीं भारताच्या वांट्यास १५ आलीं. १६ रौप्य व २० कांस्य धरून बेरीज ५१. पहिला क्रमांक जपानचा, दुसरा भारताचा. इतका वरचा क्रमांक त्यानंतरच्या कोणत्याही आशियाई स्पर्धेंत भारतास लाभलेला नाहीं.

मात्र ह्या दुसऱ्या क्रमांकाचा अभिमान बाळगतांना त्या मैदानावर कोण आलें नव्हतें, हेंही पाहिलें पाहिजे. चीन नव्हता, पाकिस्तान नव्हता, कोरिया युद्धांत होरपळत होता. आणि जपान नुकता कोठें उठून बसला होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचें त्यास आमंत्रणही नव्हतें. अर्थात् एवढ्यानें त्या वेळच्या खेळाडूंचें कर्तृत्व उणें ठरत नाहीं. शंभर मीटर पोहण्याची शर्यत जिंकून भारतास आशियाई स्पर्धांतील पहिलें सुवर्णपदक मिळवून देणारा सचिन नाग हा कलकत्त्याचा. १९४७ च्या दंगलींत त्याच्या पायास गोळी लागली होती. त्याच पायाच्या बळावर तो चार वर्षांनीं सर्व आशियाच्या पुढें गेला. मुंबईच्या लेव्ही पिंटोनें शंभर व दोनशें मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. मुंबईचीच रोशन मिस्त्री शंभर मीटरमध्यें दुसरी आली. फुटबॉलच्या अंतिम सामन्यांत इराणविरुद्ध एकच गोल झाला, तो मेवालालचा. आणि सुवर्णपदक भारताचें झालें. खेळाडूंच्या अंगावर साधे कपडे, पदरीं तुटपुंजा सराव, आणि घरच्या मैदानावरील टाळ्या हेंच काय तें भांडवल!

त्यानंतरचीं दोन वर्षें उतरतीचीं. १९५४ सालीं मनिला येथें पांच आणि १९५८ सालीं तोकियो येथें पांच सुवर्णपदकें. तोकियोच्या पांचांत दोन एकट्या मिल्खा सिंगचीं होतीं. त्याच वर्षीं आशियाई स्पर्धांत हॉकीचा प्रथमच समावेश झाला, आणि ज्या देशानें ऑलिंपिकचें हॉकीपद वर्षानुवर्षें हातचें जाऊं दिलें नव्हतें, त्यास येथें मात्र रौप्यपदकावर समाधान मानावें लागलें. मौज अशी कीं, भारत एकही सामना हरला नाहीं. पाकिस्तानशीं झालेली लढत शून्य-शून्य अशी बरोबरींत सुटली आणि गोलांच्या सरासरीवर पाकिस्तान वरचढ ठरला. पदकांच्या यादींत हा तपशील सापडावयाचा नाहीं. तेथें फक्त 'रौप्य' एवढाच शब्द दिसतो.

१९६२ ची जकार्ता येथील स्पर्धा मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. इस्रायल व तैवान ह्यांच्या खेळाडूंना यजमान इंडोनेशियानें प्रवेश नाकारला, ह्या अन्यायाविरुद्ध सोंधी ह्यांनीं आवाज उठविला, आणि त्याचा सारा राग जकार्तेच्या जमावानें भारतीय खेळाडूंवर काढला. मैदानांत भारताचें नांव निघालें कीं हुर्यो उठे. असल्या वातावरणांत फुटबॉलचा अंतिम सामना दक्षिण कोरियाशीं झाला. हाच संघ सुरुवातीच्या सामन्यांत भारतास दोन गोलांनीं हरवून गेला होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम आजारी होते. डोक्यास जखम झालेला जर्नेल सिंग पट्टी बांधून पुढच्या फळींत उभा राहिला, आणि पी. के. बॅनर्जी व जर्नेल ह्यांच्या दोन गोलांनीं भारतानें २-१ असा विजय मिळविला. सारें मैदान विरोधांत असतां भारतासाठीं आवाज देणारा एक लहानसा घोळका प्रेक्षकांत होता. तो पाकिस्तानच्या हॉकी संघाचा!

त्याच जकार्तेंत महाराष्ट्राच्या दोन मल्लांनीं प्रत्येकीं एक सुवर्ण व एक रौप्य पदक पटकावलें. गणपतराव आंदळकर आणि मारुती माने हे दोघेही लाल मातींत वाढलेले. मातीची कुस्ती वेगळी आणि गादीवरची वेगळी. मातींत पाय रुततो, कुस्ती पाऊण-पाऊण तास चालते, आणि पाठ लागेपर्यंत निकाल नाहीं. गादीवर घड्याळ व गुण ह्यांचा हिशेब. त्यांतून ग्रीको-रोमन पद्धतींत कमरेखालीं हात घालण्यास मज्जाव, म्हणजे पट काढून प्रतिस्पर्ध्यास खालीं आणण्याचा आपल्या तालमींतला हुकमी मार्गच बंद. आंदळकरांचें सुवर्णपदक ह्याच प्रकारांतलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचें मोल कळतें. जकार्तेच्या एकंदर १० सुवर्णपदकांपैकीं तीन कुस्तीचीं होतीं आणि भारताचा क्रमांक तिसरा होता.

१९७४ सालीं तेहरान येथें चीन स्पर्धांत उतरला आणि सारें गणितच बदललें. १९८२ सालीं स्पर्धा पुन्हां दिल्लीस आल्या, तेव्हां चीननें ६१ सुवर्णपदकें घेऊन जपानला प्रथमच मागें टाकलें. भारताचीं सुवर्णपदकें १३, एकूण ५७. संख्या चांगली, पण क्रमांक पांचवा. त्या वर्षींचीं शिडाच्या होड्यांची स्पर्धा मुंबईच्या समुद्रांत झाली आणि तेथें फारुख तारापोर व झरीर करंजिया ह्यांनीं सुवर्ण मिळविलें. एरव्हीं अनेकांच्या मनांत त्या वर्षाची म्हणून एकच आठवण उरली, ती हॉकीच्या अंतिम सामन्याची: पाकिस्तान सात, भारत एक.

१९८६ सालीं सेऊल येथें सुवर्णपदकें अवघीं पांच मिळालीं. पैकीं चारांत पी. टी. उषाचा हात होता. तीन तिचीं स्वतःचीं आणि चौथें सांघिक धांवण्याचें. पांचवें मल्ल कर्तार सिंगचें. म्हणजे 'भारताचीं पांच' असें जें यादींत दिसतें, तें खरें पाहतां केरळच्या एका मुलीच्या पायांवर उभें होतें. ती थकली कीं पुढें काय, हा प्रश्न तेव्हां फारसा कोणीं विचारला नाहीं. चार वर्षांनीं पेकिंगनें तो विचारला.

१९९० सालच्या त्या स्पर्धेंत भारताच्या नांवापुढें सुवर्णाच्या रकान्यांत फक्त १ हा आंकडा उमटला. एवढा मोठा देश, एवढी मोठी तुकडी, आणि एक! शिवाय तें एक पदक ज्या खेळाचें होतें, त्याचा समावेश त्याच वर्षीं प्रथम झाला होता. तो खेळ म्हणजे कबड्डी, महाराष्ट्रांतील जुन्या माणसांचा हुतूतू. त्या वर्षीं हा खेळ नसता, तर भारतास सुवर्णावांचूनच परत यावें लागलें असतें.

गल्लींतल्या ह्या खेळानें पेकिंगपर्यंत मजल मारली, ती एका दमांत नव्हे. पुण्या-बडोद्याच्या व्यायामसंस्थांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकांत त्याचे नियम बांधले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं त्याचें प्रदर्शन घडविलें. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी ह्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं गांवोगांवचे सामने एका नियमाखालीं आणले. भारतीय शिक्षक परदेशांत जाऊन दम कसा धरावा, चढाई कशी करावी, हें शिकवूं लागले. १९८२ सालीं दिल्लींत हा खेळ प्रदर्शनापुरता दाखविण्यांत आला, आणि मग आठ वर्षांनीं तो पदकास पात्र ठरला. ज्यास गरिबांचा खेळ म्हणून शहरी क्रीडांगणांनीं फारशी जागा दिली नव्हती, त्यानेंच अडचणीच्या वेळीं देशाची लाज राखली.

पुढें १९९० पासून २०१४ पर्यंत सात वेळां पुरुषांचें कबड्डीपद भारताकडेच राहिलें. तें जणूं घरांतलेंच वाटूं लागलें. परंतु २०१४ सालीं इंचॉन येथें इराणशीं अंतिम सामना केवळ दोन गुणांनीं जिंकतां आला, ही सूचना होती. २०१८ सालीं जकार्तेस इराणनें भारतास उपांत्य सामन्यांतच २७-१८ असें हरविलें. त्यानंतर स्त्रियांचा अंतिम सामना झाला. तोही इराणनें २७-२४ असा जिंकला. आणि त्या विजयी इराणी मुलींची प्रशिक्षिका कोण? नाशकांत अनेक वर्षें मुलींना कबड्डी शिकविणाऱ्या शैलजा जैन! त्या दिवशीं पुष्कळांस वाईट वाटलें, कांहींस रागही आला. पण ज्यांस हा खेळ आशियाचा व्हावा असें वाटत होतें, त्यांनीं शिकविलेलें शिष्यांना येऊं लागलें, तर तक्रार कोणाकडे करावयाची?

२०२३ सालीं हांगचौ येथील स्पर्धा संपल्या, तेव्हां भारताचीं पदकें १०७ झालीं. २८ सुवर्ण, ३८ रौप्य, ४१ कांस्य. इतकीं पूर्वीं कधींच नव्हतीं. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याच्या मांडवा गांवचा अविनाश साबळे तीन हजार मीटरच्या स्टीपलचेस शर्यतींत ८ मिनिटें १९.५० सेकंदांत पहिला आला. नागपूरच्या ओजस देवतळेनें धनुर्विद्येंत तीन सुवर्णपदकें जिंकलीं. सातारची अदिति स्वामी हिनें सांघिक सुवर्ण व व्यक्तिगत कांस्य मिळविलें. आनंद रास्तच आहे. मात्र हिशेबी वाचकानें दुसरा आंकडाही मांडावा. १९५१ सालीं ५७ सुवर्णांपैकीं १५, म्हणजे चारांतलें एक भारताचें होतें. हांगचौस सुमारें ४८० पैकीं २८, म्हणजे सतरांतलें एक. पदकें वाढलीं, तशा शर्यतीही वाढल्या आणि प्रतिस्पर्धीही.

शंभरावें पदक आलें तें ७ ऑक्टोबरच्या सकाळीं, आणि पुन्हां कबड्डींतूनच. भारताच्या मुलींची गांठ चिनी तैपेईशीं होती. त्याच स्पर्धेंत आधीं एकदां हे दोन संघ ३४-३४ असे बरोबरींत सुटले होते. अंतिम सामना २६-२५ असा, एका गुणानें जिंकला गेला. त्याच दिवशीं पुरुषांची गांठ इराणशीं पडली. २८-२८ अशी बरोबरी आणि शेवटचीं दोनएक मिनिटें उरलीं असतां, भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कोणास न शिवतां राखीव क्षेत्रांत गेला, त्याच्यामागें इराणचे गडीही गेले. आतां बाद कोण आणि गुण कोणास, ह्यावर वाद पेटला. जुना नियम कीं नवा, ह्याचा काथ्याकूट करीत पंच, प्रशिक्षक व खेळाडू सुमारें तासभर मैदानावर तिष्ठत राहिले. अखेर खेळ पुन्हां सुरू झाला, आणि भारतानें तो सामना ३३-२९ असा जिंकला.