पित्ताशयाचे विकार, संशोधन आणि आपली संमती
(आरोग्य शिक्षणपर भाषणाचा मजकूर)



मराठीत ‘पित्त’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आंबट ढेकर आले, जागरणाने डोके जड झाले, की ‘पित्त झाले’ असे म्हणून आमसुलाचे सार किंवा मोरावळा घ्यायचा आणि कामाला लागायचे, ही घरोघरची रीत आहे. बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. मात्र जेवणानंतर, विशेषतः तेलकट-तुपकट खाण्यानंतर, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीकडे अथवा उजव्या खांद्याकडे जात असेल, तासन्‌तास टिकत असेल आणि पुन्हापुन्हा येत असेल, तर ते आम्लपित्त आहे असे गृहीत धरू नये. यकृताखाली पित्ताशय नावाची लहानशी पिशवी असते. तिच्यात खडे झाल्याची ती खूण असू शकते. पोटाच्या सोनोग्राफीत हे खडे बहुधा दिसतात. ‘पित्त’ या एका शब्दात दोन निराळे विकार कोंबले गेल्याने कित्येक रुग्णांची वर्षे वाया जातात, हे खेदाने नमूद करावे लागते.

दिल्ली आणि परिसरात राहणाऱ्या कुटुंबांनी याकडे अधिक लक्ष देण्याचे कारण आहे. पित्ताशयाचा कर्करोग जगाच्या पुष्कळ भागांत विरळा आहे. महाराष्ट्रातही त्याचे प्रमाण कमीच आढळते. उत्तर आणि ईशान्य भारतात मात्र तो बराच आढळतो. दिल्लीतील स्त्रियांमधील त्याचे प्रमाण जगातील अधिक प्रमाणांपैकी एक म्हणून कर्करोग नोंदवह्यांत दिसून आले आहे. खडे असलेल्या प्रत्येकास कर्करोग होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. बहुसंख्य लोकांना तो कधीच होत नाही. परंतु ज्यांना होतो त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पित्ताशयात खडे सापडतात, आणि रोग सुरुवातीस फारशी लक्षणे दाखवीत नाही. म्हणून गावाकडच्या नातेवाइकांचा ‘आमच्याकडे कितीतरी जणांना खडे आहेत, काही होत नाही’ हा दिलासा येथे जसाच्या तसा लागू करू नये.

त्रास देणाऱ्या खड्यांवर प्रस्थापित उपचार म्हणजे पित्ताशय काढून टाकणे. पूर्वी त्यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली आणि पुढे ती पद्धत देशभर रुळली. खडे विरघळवणारे औषध म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल दिले जाते; परंतु ते कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवर आणि काही निवडक रुग्णांतच उपयोगी पडते, त्यास महिनोन्‌महिने लागतात आणि खडे पुन्हा होऊ शकतात. ‘सात दिवसांत खडे पाडू’ अशा जाहिरातींना बळी पडून हातचा वेळ घालवू नये.

मग प्रत्येक खड्यासाठी शस्त्रक्रिया करावीच का? त्रास न देणाऱ्या खड्यांवर बहुधा केवळ लक्ष ठेवले जाते. त्रास देणाऱ्या परंतु गुंतागुंत नसलेल्या खड्यांविषयी ब्रिटनमध्ये ४३४ रुग्णांवर झालेली चाचणी २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. काहींना शस्त्रक्रियेसाठी, तर काहींना गरजेप्रमाणे वेदनाशामक घेत थांबण्यासाठी निवडले गेले. दीड वर्षापर्यंतच्या वेदनांच्या तुलनेत दोन गटांत विशेष फरक दिसला नाही. हा निष्कर्ष मोलाचा आहे. तरीही पित्ताशयाचा कर्करोग विरळा असलेल्या देशातील रुग्णांवरून दिल्लीतील रुग्णांचा निर्णय घेणे शहाणपणाचे ठरणार नाही. दीड वर्षाच्या वेदनांचे मोजमाप पुढील वीस वर्षांतील कर्करोगाविषयी काही सांगत नाही. येथील प्रश्नाचे उत्तर येथील रुग्णांच्या अभ्यासातूनच मिळावे लागते.

याच ठिकाणी एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. शस्त्रक्रियेनंतर खडे बाटलीत घालून घरी नेण्याची आणि आल्यागेल्याला दाखवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. खडे अवश्य न्यावेत. परंतु काढलेले पित्ताशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी पाठवले आहे ना, हे डॉक्टरांना विचारावे आणि त्याचा अहवाल हाती घेतल्यावाचून फाइल बंद करू नये. काही रुग्णांत कर्करोग प्रथम या अहवालातच उघड होतो. तो किती खोल गेला आहे यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरते, आणि ती वेळेवर झाल्यास रोगमुक्तीची संधी असते.

आता ज्या भागाची लोकांस अधिक धास्ती वाटते त्याकडे वळू. रुग्णालयात डॉक्टर म्हणतात, ‘आमच्याकडे एक चाचणी चालू आहे, आपण सहभागी व्हाल का?’ आणि घरातील मंडळी दचकतात. ‘म्हणजे आमच्या आईवर प्रयोग करणार का?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि तो विचारण्यात संकोच बाळगू नये. त्याचे प्रामाणिक उत्तर दिल्लीतच झालेल्या एका अभ्यासातून देता येईल.

शस्त्रक्रियेने काढता न येण्याजोग्या पित्ताशय-कर्करोगात रसायनोपचाराने खरोखर काही लाभ होतो का, याविषयी एकेकाळी खात्रीलायक पुरावा नव्हता. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजेच एम्समध्ये, डॉ. अतुल शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ रुग्णांचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, डॉक्टरांच्या वा नातेवाइकांच्या पसंतीविना, रुग्णांचे तीन गट झाले. एका गटास वेदना व कावीळ यांसारख्या त्रासांवर आधारभूत उपचार मिळाले. दुसऱ्यास त्यासोबत फ्लुओरोयुरॅसिल आणि फोलिनिक आम्ल हे जुने, परिचित औषध मिळाले. तिसऱ्यास जेमसिटाबिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन. पहिल्या गटातील रुग्णांचे मध्यक आयुर्मान ४.५ महिने, दुसऱ्यातील ४.६ महिने आणि तिसऱ्यातील ९.५ महिने भरले. मध्यक म्हणजे गटातील निम्मे रुग्ण ज्या काळाहून अधिक जगले तो काळ.

या आकड्यांपाशी क्षणभर थांबावे. जुन्या औषधाने आयुष्य जवळजवळ वाढलेच नाही. सलाईन, मळमळ, अशक्तपणा, रुग्णालयाच्या खेपा हे सारे मात्र रुग्णाच्या वाट्यास येत होते. केवळ अनुभवावर विसंबलेल्या डॉक्टरांना हे कळण्याचा मार्ग नव्हता. कारण प्रत्येक डॉक्टरला आपला बरा झालेला रुग्ण आठवतो. गट शेजारी ठेवले तेव्हाच खरे दिसले. साडेनऊ महिने हा आकडा लहान वाटेल. ज्या घरात लग्न ठरलेले असते किंवा नातवाची वाट पाहणे चाललेले असते, त्या घरास तो लहान वाटत नाही.

त्याच वर्षी ब्रिटनमधील ४१० रुग्णांच्या चाचणीत पित्तमार्गाच्या कर्करोगांवर जेमसिटाबिनसोबत सिस्प्लॅटिन दिल्यास आयुष्य ८.१ वरून ११.७ महिन्यांपर्यंत वाढते असे आढळले. पुढे एम्समध्येच या दोन जोड्यांची समोरासमोर तुलना झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिल्लीची जोडी वरचढ असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि संशोधकांनी ते तसेच छापले. आपल्याच पसंतीच्या औषधाविषयी असा निष्कर्ष छापणे हीदेखील संशोधनाची कसोटी होय.

आता आपल्या हक्कांविषयी. नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे यांनुसार चाचणीस नैतिकता समितीची मंजुरी आवश्यक असते. संमतिपत्र आपणास समजेल अशा भाषेत असावे लागते. दिल्लीत राहूनही घरातील वडीलधाऱ्यांना हिंदी किंवा इंग्रजी नीट उमजत नसेल, तर मराठीत समजावून मागणे हा त्यांचा अधिकार आहे. वाचता येत नसल्यास निःपक्षपाती साक्षीदार उपस्थित असावा लागतो. कागद घरी नेऊन, रात्री चार जणांत वाचून, दुसऱ्या दिवशी सही करण्यास हरकत नसते. नकार दिल्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत, आणि होकार दिल्यानंतरही कारण न सांगता बाहेर पडता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नियमांप्रमाणे भरपाई देय असते. चाचणीची नोंद २००७ पासून चालू असलेल्या भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत आहे का, हे क्रमांक मागून पाहता येते. नोंद इंग्रजीत असली तरी ती कोणासही विनाशुल्क पाहता येते.

डोळे पिवळे होणे, अंगास खाज सुटणे, लघवी गडद व शौच फिकट होणे, थंडी वाजून ताप येणे, कारण नसताना वजन घटणे किंवा कळ न थांबणे, यांपैकी काहीही आढळल्यास कोणत्याही चाचणीची वा सवडीची वाट न पाहता त्वरित रुग्णालयात जावे.

ग्वाल्हेर, इंदूर किंवा विदर्भातून उपचारासाठी दिल्लीस येणाऱ्यांना एक अडचण हमखास येते: दर काही आठवड्यांनी परत यावे लागते. प्रवासखर्च कोण देणार, तपासण्या गावाजवळ होऊ शकतील का, रात्री ताप आल्यास कोणत्या क्रमांकावर कोणाशी बोलावे, हे सहीपूर्वीच विचारून संमतिपत्राच्या आपल्या प्रतीवर लिहून घ्यावे. ती प्रत, सोनोग्राफीचे जुने अहवाल आणि पित्ताशयाचा तपासणी अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवून प्रत्येक खेपेस सोबत आणावेत.