खोपा कोण विणतो?



आज मला एक चूक कबूल करायची आहे. पुष्कळ वर्षे मी मास्तर होतो, पुढे हेडमास्तर झालो. मुलांना मी शिकवले, "सुगरण पक्षीण खोपा विणते." नावच सुगरण! मग विणणारी मादीच असणार, असे मी धरून चाललो. विहिरीवर खोपे लोंबत होते. पण मी कधी थांबून पाहिले नाही.

ज्यांनी थांबून पाहिले, त्यांची ही गोष्ट.

मुंबईत एक मोठे वस्तुसंग्रहालय आहे. आज त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. तिथे पशुपक्ष्यांचे दालन आहे. मेलेले पक्षी आत भरण घालून काचेआड मांडले आहेत, अगदी जिवंत वाटावेत असे. पण नुसते काचेतून बघून काय कळणार? कुणीतरी समजावून सांगायला हवे ना! म्हणून १९२६ साली तिथे सालिम अली यांना नेमले. आल्या-गेल्या लोकांना पक्ष्यांविषयी सांगायचे, हे त्यांचे काम.

सालिम अलींजवळ पदवी नव्हती. त्यापायी त्यांची एक सरकारी नोकरी हुकली होती. पण पक्ष्यांची ओढ लहानपणापासूनची. दोन वर्षांनी ते आणखी शिकायला जर्मनीला गेले. १९३० साली परत येऊन बघतात तो काय, पैशांअभावी त्यांची जागाच बंद झालेली!

पण ते खचले नाहीत, बरं का. अलिबागजवळ किहीम गावी जाऊन राहिले. तिथे घराजवळच सुगरणींचे खोपे होते. ते खोपे निरखीत बसले.

काय दिसले त्यांना? पिवळ्या डोक्याचा नर खोपा विणतो. खोपा अर्धा झाला, की माद्या येतात. आत शिरून पारख करतात. एखादीला पसंत पडला, की ती तिथे राहते. मग नर तो खोपा पुरा करतो आणि दुसरा विणायला घेतो. अंडी उबवते ती मादी.

म्हणजे मी मुलांना उलटेच शिकवले होते!

मंडळी, मुंबईला गेलात तर ते दालन जरूर बघा. कुठेही कुणी जाणकार माहिती सांगत असला, तर मागे उभे राहू नका. पुढे व्हा. कळले नाही तर विचारा. विचारायला पदवी लागत नाही.

आणि येत्या पावसाळ्यात विहिरीवरचा खोपा स्वतः बघा. मी आज सांगितले तेही पडताळून पाहा. मी एकदा चुकलो आहे.