नेळियुं, केडी आणि पाणंद : इच्छापोरच्या शिवारातील वाटा

(अकादमीच्या वार्षिक सभेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



मी भाषाशास्त्रज्ञ नाही. सुरतेत मराठी माध्यमाच्या मुलांना तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. निवृत्तीनंतर मुलाकडे इच्छापोरला राहायला गेलो आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळी चालू लागलो. त्या चालण्यात जे शब्द पायाखाली आले, त्यांच्याविषयी आज बोलणार आहे. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगेन.

इच्छापोर सुरतेच्या पश्चिमेला, हजीऱ्याच्या रस्त्यावर आहे. खानदेशातल्या आमच्या नातेवाइकांना हे नाव ऐकून हसू येते. त्यांना त्यात कुणाचे तरी ‘पोर’ दिसते. हा ‘पोर’ म्हणजे आपला ‘पूर’. शेजारचे भाटपोर, नदीपलीकडचे सिंगणपोर ही त्याच घरची भावंडे. आज इच्छापोर म्हटले की लोकांना हिऱ्यांचे कारखाने आणि हजीऱ्याला जाणारे ट्रक आठवतात. पण हमरस्ता सोडून दहा मिनिटे आत गेलात, तर अजून ज्वारी दिसते, पापडीचे वेल दिसतात, आणि तापीकडून येणारा खारा वारा लागतो. मुलताईला उगम पावून, खानदेश भिजवून, सुमारे ७२४ किलोमीटर चाललेली नदी इथे समुद्राला मिळण्याच्या बेतात असते. माझे वडील मागावर काम करायला तिच्याच काठाकाठाने, ताप्ती व्हॅलीच्या गाडीने आले. त्यामुळे परक्या मुलखात आलो असे मला कधी वाटले नाही.

पहिल्या महिन्यात मी एका शेतकरी काकांना विचारले, “काका, ही गावची हद्द कुठे संपते?” मला म्हणायचे होते शीव. मी शब्द वापरला ‘सीम’. ते हसले आणि हात गोल फिरवून म्हणाले, “भाऊ, आ बधी सीम ज छे.” म्हणजे हे सगळे सीमच आहे. त्या दिवशी एक गोष्ट कळली. संस्कृतातल्या ‘सीमा’ शब्दातून दोन्ही भाषांना वाटा मिळाला. मराठीने शिवेची रेघ घेतली, गुजरातीने त्या रेघेच्या आतले सगळे रान घेतले. आपण ज्याला शिवार म्हणतो, ती त्यांची सीम. मुलांना अनुवाद शिकवताना मी कितीदा तरी ‘सीम’चे ‘सीमा’ केले असेल, या विचाराने थोडी लाज वाटली.

तेव्हापासून खिशात एक वही ठेवू लागलो. रोज तारीख, वाट, दिसलेली गोष्ट आणि ऐकलेला शब्द लिहायचा. ‘पादर’ म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथे वड असतो, गुरे थांबतात, पाहुण्याला निरोप देतात. मराठीत गावाची ‘पांढरी’ आणि शेताची ‘काळी’ आहे, पण या दोहोंमधल्या जागेला इतका नेमका शब्द मला सुचत नाही. ‘शेढो’ म्हणजे बांध. ‘पोंक’ म्हणजे आपला हुरडा. थंडीत तो लिंबूमिरीची शेव आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर खातात. ‘खांजण’ म्हणजे भरतीचे पाणी शिरणारी खारी जमीन. हा शब्द ऐकला तेव्हा मी थबकलोच, कारण कोकणात ‘खाजण’ आहे आणि गोव्यातही आहे. हजीऱ्यापासून गोव्यापर्यंत एकाच किनाऱ्यावर एकाच चिखलाला एकच नाव आहे. राज्यांच्या सीमा त्याला आडव्या आलेल्या नाहीत.

आता वाटांचे शब्द. ‘केडी’ म्हणजे पायवाट, एकामागे एक चालण्याजोगी. ‘नेळियुं’ म्हणजे दोन्ही बाजूंना कुंपण असलेली अरुंद गाडीवाट, आपली पाणंद. बैलगाडी गेली की दोन्ही बाजूंचा पाला चाकाला घासतो, ती. गावातून खाडीकडच्या शेतांना जाणारे असे एक नेळियुं माझे आवडते होते. दोन्हीकडे थोर आणि गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ. सकाळी तिथे सावली असायची, आणि शेतावर मजुरीला निघालेल्या, नवापूरकडून आलेल्या बायांचे बोलणे कानावर पडायचे.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्याने मला तिथल्या एका खेड्याभोवतीच्या फेरफटक्यांची पुस्तिका पाठवली होती. चर्चपासून निघा, डावीकडे कुंपणावरची पायरी चढा, ओढ्याकाठाने चला, असे साधे लिखाण. मला ते फार गोड वाटले. नंतर समजले की त्या गोडव्यामागे कायदा आहे. १९४९ च्या कायद्याने तिथल्या कौंटी कौन्सिलांना सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. वाट खाजगी शेतातून जात असली तरी चालणाऱ्याचा हक्क त्या नकाशावर असतो. त्याआधी १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या माळावर बंदी मोडून चाललेल्यांपैकी काही तरुण तुरुंगात गेले होते. चालण्यासाठी तुरुंगात जाणे आपल्याला नवे नाही. १९३० च्या दांडीयात्रेत सुरतेनंतरचा मुक्काम दिंडोलीत होता. आज तिथे घराघरांत अहिराणी ऐकू येते. आणि त्या यात्रेत भजने म्हणत चालणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे मराठी होते.

आता माझी चूक सांगतो. एका फाल्गुनात त्या नेळियाच्या तोंडाशी तारेचे कुंपण पडले. शेजारचा भूखंड कुणीतरी घेतला होता. कडेने माणूस जाईल एवढी फट होती. मी अंग चोरून पलीकडे गेलो आणि वहीत लिहिले, “आज नेळियाच्या तोंडाशी तार.” पुढे पावसाळा आला. गुडघाभर चिखलात तिथून गाडी जातच नाही, त्यामुळे कुणाला अडले नाही. मी मात्र रोज त्या फटीतून जात होतो, शब्द गोळा करत होतो, आणि गावात एका शब्दाने बोललो नाही. मला वाटले, आपण फिरायला येणारे, आपला काय संबंध?

कार्तिकात ज्वारीसाठी ट्रॅक्टर न्यायची वेळ आली आणि ओरड झाली. काका माझ्याकडे आले. “भाऊ, तुम्ही मास्तर, अर्ज लिहून द्या.” १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा महाराष्ट्रात आहे तसा गुजरातेतही आहे. शेताची वहिवाटीची वाट अडवली तर ती मामलतदार मोकळी करून देऊ शकतो. पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. वकिलाने विचारले, तार कधी पडली? काकांना नक्की आठवेना. माझ्या वहीत तारीख होती. आठ महिने झाले होते.

ती वही मी टेबलावर ठेवली तेव्हा काका काहीच बोलले नाहीत. मला वाटते, ते रागावले असते तर बरे झाले असते.

दिवाणी दाव्याचा मार्ग उरला होता. वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने सुविधाधिकार मिळतो, आणि वाट अडल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. पण दिवाणी दावा किती वर्षे चालतो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शेवटी समझोता झाला. भूखंडवाल्याने कडेने तीन फुटांची पट्टी सोडली. आता तिथून माणसे जातात, सायकल जाते, बाया डोक्यावर भारा घेऊन जातात. ट्रॅक्टर दीड-दोन किलोमीटरचा वळसा घेतो. काका मला म्हणाले, “नेळियुं हतुं, केडी थई गई.”

या एका वाक्यात सगळा हिशेब आहे. दोन शब्दांमधले अंतर म्हणजे दोन चाकांचे अंतर. सरकारी कागदावर दोन्हींसाठी ‘रस्ता’ एवढाच शब्द असतो, आणि म्हणून कागदावर काहीच गेलेले दिसत नाही.

महाराष्ट्रात २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेच्या सरकारी नावात ‘पाणंद’ हा शब्द आहे, याचा मला आनंद आहे. शब्द कागदावर आला की ती वाट मागता येते. माझी अकादमीला विनंती एवढीच आहे. आपण बोलींचे कोश करतो, त्यात वाटांचे शब्द गोळा करताना शब्दापुढे अर्थ लिहावा, आणि त्याच्यापुढे गाव, वाट कुठून कुठे जाते, तिच्यावरून काय जाते, हेही लिहावे. सीमेवरच्या जिल्ह्यांत हे काम मराठी आणि गुजराती माणसांनी बरोबर चालून करावे. साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांना गांधीजी ‘सवाई गुजराती’ म्हणत. तेवढी योग्यता आपली नसेल, पण बरोबर चालता तर येईल.

मी अजून रोज चालतो. वही खिशात असते. फरक एवढाच की, घरी परतताना पादरावर थांबतो आणि काय पाहिले ते काकांना सांगतो.